केडगावहून समुद्र किती लांब?

दोस्तांनो,

या वेळच्या टपालात वहीचं पान फाडून लिहिलेलं एक पत्र होतं. अक्षर सुरेख, खाडाखोड मात्र भरपूर! 'माझं नाव छापायचं नाही' अशी तळाशी ताकीद. म्हणून नाव गाळून पत्र देते.

'प्रिय ताई, मी केडगावची. म्हणजे दौंड तालुक्यातलं केडगाव, नगरजवळचं नाही. नववीत आहे. सुट्टीत पुण्याच्या मामेभावानं मला एक फिल्म दाखवली. त्यात समुद्राच्या आत एक मासा होता, आमच्या अंगणाएवढा! तो पोहत नव्हता, पंख हलवत उडत होता. त्याला मांटा म्हणतात. या माशांचा अभ्यास करायला परदेशात स्वयंसेवक घेतात, असं शेवटी सांगितलं. मला तिथं जायचंय. घरी बोलले तर सगळे हसले. बाबा म्हणाले, काम आपणच करायचं आणि वर पैसे पण आपणच द्यायचे, ही कुठली रीत? आजी म्हणाली, आधी विहिरीत धड पोहायला शीक. ताई, खरं सांगू? मी अजून समुद्रसुद्धा पाहिलेला नाही. मग मी असलं काही ठरवणं म्हणजे वेडेपणा आहे का?'

वेडेपणा अजिबात नाही. पण बाबांचा प्रश्नही हसण्यावारी नेण्यासारखा नाही, बरं का! आज या दोन्हींबद्दल बोलू या. आधी मात्र त्या उडणाऱ्या माशाची नीट ओळख करून घेऊ.

चपट्या माशांचं घराणं

कोकणातल्या मासळी बाजारात गेलात, तर एखाद्या पाटीत ताटासारखा चपटा, चाबकासारख्या शेपटीचा मासा दिसेल. त्याला म्हणतात पाकट. तुझा मांटा हा या पाकटाच्याच घराण्यातला. मुशी, म्हणजे शार्क, ही या सगळ्यांची चुलत बहीण. या घराण्यात कुणाच्याच अंगात हाडं नाहीत! हाडांच्या जागी कूर्चा असते. आपल्या नाकाचा शेंडा आणि कानाचा वरचा भाग दाबून बघा. तो वाकतो ना? तसल्याच कूर्चेचा सगळा सांगाडा.

पाकटाचे डोळे पाठीवर आणि तोंड पोटाखाली. पोटाखाली आलेला खेकडा त्याला दिसणार कसा? त्यासाठी त्याच्या तोंडाभोवती बारीक बारीक छिद्रं असतात. प्रत्येक सजीवाच्या अंगातून अगदी क्षीण वीज वाहत असते, ती या छिद्रांतून पाकटाला जाणवते. वाळूत गाडून घेतलेला खेकडासुद्धा त्याच्यापासून लपत नाही. स्वतः वाळूत दडून बसला, तर डोळ्यांमागच्या दोन भोकांतून पाणी आत ओढून घेतो आणि श्वास चालू ठेवतो.

शेपटीवर मात्र काटा असतो आणि तो विषारी. सप्टेंबर २०१३ मध्ये मुंबईत गिरगाव चौपाटीवर दीड दिवसाच्या गणपतींचं विसर्जन चाललं होतं. लोक मूर्ती घेऊन पाण्यात उतरले आणि एकामागून एक किंचाळत बाहेर येऊ लागले. कित्येकांना दवाखान्यात न्यावं लागलं. किनाऱ्याच्या उथळ पाण्यात पाकटं आली होती. पाकट माणसाला चावायला येत नाही. वाळूत निजलेल्याच्या पाठीवर कुणी पाय दिला, तर तो शेपूट मारणारच! तेव्हापासून गणेशोत्सव आला, की मुंबईची महापालिका लोकांना सावध करते.

कधी उथळ समुद्रात उतरलात, तर पाय उचलून टाकू नका. वाळूतून घासत घासत पुढे सरकवा. पाकटाला चाहूल लागते आणि तो आपला आपण निघून जातो. काटा लागलाच, तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवावी आणि तडक डॉक्टरांकडे जावं. काटा आत खोल रुतला असेल, तर स्वतः उपटू नये.

घोंगडी मासा

आता मांटा. स्पॅनिश भाषेत मांटा म्हणजे पांघरूण किंवा घोंगडी. आपण त्याला घोंगडी मासा म्हटलं तरी चालेल! त्याचं मोठं भावंड एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सात मीटरांपर्यंत भरतं. तुमच्या वर्गाची लांबी मोजून बघा, म्हणजे कल्पना येईल. एवढ्या मोठ्या धुडाला विषारी नांगी नाही आणि ते खातं काय, तर पाण्यात तरंगणारे डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव. तोंड उघडं ठेवून पोहायचं, पाणी कल्ल्यांतून बाहेर सोडायचं आणि अन्न गाळून घ्यायचं. आई चहा गाळते तसं.

मांटांचा अभ्यास जगात अनेक ठिकाणी चालतो. आपल्याला त्यातल्या त्यात जवळची जागा म्हणजे मालदीव. तिथं २००५ साली मांटांची नोंद ठेवायचं काम सुरू झालं. त्यातूनच पुढे, २०११ मध्ये, मांटा ट्रस्ट ही संस्था उभी राहिली. मालदीवमधल्या बा नावाच्या प्रवाळबेटांच्या कड्यात हानिफारू नावाची एक छोटीशी खाडी आहे. नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू झाले, की भरतीच्या पाण्याबरोबर ते तरंगणारे जीव या खाडीत कोंडले जातात आणि पंगतीचं आमंत्रण मिळाल्यासारखे मांटा जमतात. कधी कधी एका वेळी शंभराच्या वर!

हा वारा ओळखीचा वाटला ना? वाटायलाच हवा. हाच पुढे जूनमध्ये आपल्याकडे येतो. सह्याद्रीच्या पलीकडे बहुतेक पाऊस सांडून टाकतो आणि दौंडपर्यंत येईस्तोवर त्याची घागर निम्मी-अर्धी रिकामी झालेली असते. पण वारा तोच! तुम्ही छत्री शोधता, तेव्हा तिकडे मांटांची पंगत बसलेली असते.

पोटावरची सही

हे संशोधक मांटा ओळखतात कसे? सगळेच तर काळे-पांढरे! तुमच्यापैकी कुणाच्या गोठ्यात काळ्या-पांढऱ्या होल्स्टिन गाई असतील, तर त्याला उत्तर लगेच सुचेल. परक्याला सगळ्या गाई सारख्या दिसतात. पण गोठ्यातलं पोरगं लांबूनच सांगतं, 'ती डोळ्यावर काळा डाग असलेली आमची.' एका गाईसारखे डाग दुसरीवर नसतात. मांटाच्या पोटावर असेच ठिपके असतात आणि ते जन्मभर बदलत नाहीत. आपल्या अंगठ्याच्या ठशासारखी ती त्याची सहीच!

स्वयंसेवक पाण्यात उतरतो तो या सहीचा फोटो काढायला. मांटाच्या खाली जायचं, त्याला न शिवता, न घाबरवता पोटाचा फोटो घ्यायचा. मग तारीख, वेळ, जागा, भरती की ओहोटी, नर की मादी, अंगावर जाळ्याचे किंवा बोटीच्या पंख्याचे वळ आहेत का, हे सगळं लिहायचं. संध्याकाळी संगणकापुढे बसून तो फोटो जुन्या फोटोंशी ताडून बघायचा. हा पाहुणा नवा की ओळखीचा? अशी फोटो जुळवून जुळवून मालदीवमध्ये पाच हजारांहून अधिक मांटांची यादी तयार झाली आहे.

फिल्ममध्ये पाण्यातला भाग दाखवतात. फोटो जुळवत, डोळे चोळत बसलेला स्वयंसेवक कोण दाखवणार? पण काम मुख्यतः तेच असतं. कधी चार चार दिवस मांटा दिसतच नाही. त्या दिवशीही वहीत लिहावं लागतं : आज शून्य. हे शून्यसुद्धा कामाचं, कारण पुढल्या वर्षी त्याच्याशी तुलना करता येते.

हरभऱ्यांचा प्रयोग

आता म्हणाल, एवढे ठिपके जुळवून मिळतं काय? एक गंमत करून बघा. घरातून वाटीभर हरभरे घ्या. मोजू नका! त्यातले पन्नास काढा, त्यांना शाईचा ठिपका द्या, वाळू द्या आणि पुन्हा वाटीत टाकून चांगले ढवळा. आता डोळे मिटून चाळीस हरभरे काढा. त्यांत ठिपक्याचे किती आले ते बघा.

समजा, पाच आले. म्हणजे चाळिसात पाच, आठात एक. तेव्हा सगळ्या वाटीतही साधारण आठात एक ठिपक्याचा असणार. ठिपक्याचे तर आपण पन्नासच केले होते. म्हणून वाटीत एकूण हरभरे झाले पन्नास गुणिले आठ, चारशे. आता खरंच मोजा. उत्तर अगदी तंतोतंत येणार नाही, पण जवळपास येईल. चार-पाच वेळा करून सरासरी काढलीत, तर आणखी जवळ जाल.

समुद्र म्हणजे अशीच मोठी वाटी. सगळे मासे कुणालाच मोजता येत नाहीत. पण ओळखीचे किती आणि नवे किती दिसले हे वर्षानुवर्षं लिहून ठेवलं, तर एकूण किती असतील याचा अंदाज बांधता येतो. समुद्रात मासे जन्मतात, मरतात, येतात, जातात, म्हणून तिथलं गणित जरा अवघड असतं. पण त्याचा पाया हाच. मांटाला तर शाईही लावावी लागत नाही, ठिपके तो घेऊनच जन्माला येतो!

हिशेब इतका काटेकोर कशाला?

कारण या घराण्याचा संसार फार हळू चालतो. रोहू मासा घ्या. त्याची मादी एका हंगामात लाखांनी अंडी घालते. मांटाची मादी एका वेळी एकच पिल्लू देते, तेही जवळजवळ वर्षभर पोटात वाढवून. पुढच्या पिल्लाआधी दोन-तीन वर्षं, कधी त्याहूनही जास्त काळ जातो. मादी वयात यायलाच आठ-दहा वर्षं तरी लागतात. चाळीस वर्षं जगली, तरी जन्मभरात दहा-बारा पिल्लं झाली तर खूप. आता अशी एक मादी जाळ्यात गेली, तर ती जागा भरून यायला किती काळ लागेल, हा हिशेब तुम्हीच करा.

आपल्या किनाऱ्यावरचीही तीच कथा. पाकटं पिल्लंच देतात आणि मोजकीच देतात. करवतीसारखं लांब दातेरी नाक असलेला करवत मासा याच घराण्यातला. ते नाक जाळ्यात अडकलं, की सुटतच नाही. जगभर तो आता अगदी विरळ झाला आहे. गिटारीच्या आकाराचे मासेही तसेच धोक्यात आहेत. तळाशी राहणाऱ्या या माशांना ट्रॉलरची तळ खरवडत जाणारी जाळी सगळ्यांत जास्त घातक. कोळंबीसाठी टाकलेल्या जाळ्यात ते आपोआप येतात.

सरकारनं २००१ साली व्हेल शार्क, करवत मासे आणि आणखी काही मुशी-पाकटांना वाघाइतकंच कायद्याचं संरक्षण दिलं. पण कायदा मुंबई-दिल्लीच्या कपाटात असतो आणि मासा असतो मच्छीमाराच्या जाळ्यात, पहाटेच्या अंधारात. त्याला सोडायचं तर जाळं कापावं लागतं आणि जाळं म्हणजे त्या घराची पोटापाण्याची पुंजी. म्हणून महाराष्ट्रात डिसेंबर २०१८ मध्ये एक योजना सुरू झाली. संरक्षित प्राणी सोडवण्यासाठी मच्छीमारानं जाळं कापलं आणि त्याचा फोटो किंवा चित्रण दाखवलं, तर जाळ्याच्या नुकसानीपोटी त्याला पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. मत्स्यव्यवसाय विभाग आणि वनविभागाचा कांदळवन कक्ष मिळून हे काम बघतात. त्यामुळे कासवं, व्हेल शार्क, गिटार मासे असे कितीतरी जीव पुन्हा पाण्यात गेले.

मला तर वाटतं, हा जाळं कापणारा मच्छीमार पहिल्या नंबरचा स्वयंसेवक. भरपाई नंतर मिळते. सुरी चालवायचा निर्णय मात्र त्याला तिथल्या तिथं, लाटांवर हलणाऱ्या होडीत घ्यायचा असतो.

आता बाबांचा प्रश्न

काम आपलं आणि पैसेही आपलेच, ही कुठली रीत?

परदेशातल्या अशा कामात सहसा अठरा वर्षांवरच्यांनाच घेतात. दोन-चार आठवडे राहायचे पैसे लाखाच्या घरात जातात, विमानाचं तिकीट वेगळं. एवढे पैसे कशाला? बोटीला डिझेल लागतं, पाण्याखाली श्वास घ्यायला हवेच्या टाक्या लागतात. बारा महिने तिथं राहून काम करणाऱ्यांचे पगार असतात. जेवणखाण असतं. सरकारी मदत नसेल, तर हा खर्च स्वयंसेवकांच्या पैशातून भागवला जातो. त्यात लबाडी नाही. पण सगळीकडे असं चोख काम असतंच असंही नाही. काही ठिकाणी संशोधनाचं नुसतं नाव असतं. प्रत्यक्षात ती महागडी सहल असते.

म्हणून पैसे भरण्याआधी विचारायचे प्रश्न लिहून ठेव. तुमचं काम किती वर्षं चाललंय? नोंदी कुठे प्रसिद्ध झाल्या? त्यातून काय बदललं? एखादी खाडी राखीव झाली का, एखादा नियम झाला का? गावातली माणसं तुमच्याबरोबर काम करतात की फक्त भांडी घासतात? प्राण्यांना हात लावू देता का? या शेवटच्या प्रश्नाला कुणी 'हो, हो, फोटो पण काढू देतो' म्हणालं, तर तिथून काढता पाय घे!

हानिफारूचंच उदाहरण सांगते. ती खाडी २००९ मध्ये राखीव झाली. पर्यटकांची गर्दी वाढल्यावर २०१२ पासून तिथं हवेच्या टाक्या लावून खोल बुडी मारायला बंदी झाली. आता नळी तोंडात धरून वरवरच पोहायचं, तेही मोजक्या लोकांनी आणि मोजक्या वेळात. नोंदी ठेवल्या म्हणून तिथली गर्दी आवरता आली. असं दाखवता येणारं काम खरं.

तेव्हा बाबांना माझा नमस्कार सांग आणि म्हणावं, तुमचा प्रश्न बरोबर आहे. एवढे पैसे आत्ता घालायची काहीच गरज नाही. अठरा पूर्ण व्हायला अजून तीन-चार वर्षं आहेत आणि तोवरचं काम इथंच पडलंय, तेही जवळजवळ फुकट.

केडगावातून सुरुवात

नकाशा काढ. केडगावहून अलिबाग रस्त्यानं दोनशे किलोमीटरांच्या आसपास. समुद्र एवढाच लांब आहे असं वाटतं. पण तुमच्या शिवारातलं पाणी त्या समुद्राकडे जातच नाही! ते जातं भीमेला. चौफुल्याहून शिरूरच्या रस्त्याला लाग. पारगावच्या पुलाखालून वाहते ती भीमा. पुण्याचं सगळं वापरलेलं पाणी घेऊन आलेली मुळा-मुठा तिला तुमच्याच भागात, दौंड-शिरूरच्या शिवेवर मिळते. पुढे उजनी, पंढरपूर, मग कर्नाटक. तिथं भीमा कृष्णेला मिळते आणि कृष्णा आंध्रात हंसलदीवीला बंगालच्या उपसागराला. वाटेत धरणं आहेत. तरी पुराच्या पाण्यावर स्वार झालेली प्लास्टिकची पिशवी कुठवर जाईल, याचा नेम नाही. तिकडच्या समुद्रातही पाकटं आहेत. म्हणजे समुद्र तुझ्या गावाजवळून सुरू होतो, असंच म्हणायचं.

तेव्हा पहिलं काम : एक वही. दर रविवारी, कुणातरी मोठ्या माणसाला बरोबर घेऊन, नदीच्या काठावरच्या एकाच जागी जायचं. पाण्यात उतरायचं नाही. अर्धा तास बसून लिहायचं. पाण्याचा रंग, वास, फेस आहे का, कोणते पक्षी, किती. काहीच दिसलं नाही, तर लिही : शून्य. एक वर्ष सोडायचं नाही. परीक्षेच्या महिन्यातसुद्धा अर्धा तास निघतो!

दुसरं काम रेल्वेच्या वाटेवर. दौंडच्या पुढे भिगवण. उजनीचा फुगवटा तिथवर आला आहे आणि हिवाळ्यात रोहित पक्षी बघायला लांबून माणसं येतात. दर वर्षी जानेवारीत आशियाभर पाणपक्ष्यांची गणना होते. १९८७ पासून चाललेली आहे आणि ती सगळी स्वयंसेवकच करतात. पुण्यातल्या पक्षिमित्रांना गाठून त्यांच्याबरोबर एक सकाळ घालव. तिथंच मासळीचा बाजारही आहे. चिलापी दिसली, की तिची टोपीखालची गोष्ट आठव : ती मूळची आफ्रिकेची, भारतात आली १९५२ साली आणि आज उजनीत घरच्यासारखी नांदते. बाजारात कोणता मासा किती लांबीचा आला, एवढं विचारून लिहिलंस, तरी तो अभ्यास झाला. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेची माणसं बंदरावर जाऊन हेच करतात. पाकट आलं, की एका पंखापासून दुसऱ्या पंखापर्यंत टेप लावतात आणि आकडा लिहून घेतात.

तिसरं काम आजीनं सांगितलंय. पोहणं! आजीचं ऐक. शिकवणारं माणूस काठावर असल्याशिवाय विहिरीत उतरू नकोस, आणि दमसास वाढव.

चौथं काम, एकदा समुद्र बघून ये. शाळेची सहल कोकणात नेता येईल का, असं बाईंना विचार. रत्नागिरी जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात वेळास नावाचं गाव आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं २००२ साली तिथं समुद्री कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. आधी अंडी चोरीला जायची. आता गावकरीच ती जपतात. फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास पिल्लं समुद्राकडे धावत सुटतात. ते बघायला येणाऱ्यांना गावातल्या घरांतच जेवायला, राहायला मिळतं. मुंबईला नातेवाईक असतील, तर 'मरीन लाइफ ऑफ मुंबई'चे लोक २०१७ पासून ओहोटीच्या वेळी लोकांना किनाऱ्यावर फिरवतात आणि तिथं दिसलेल्या प्रत्येक जिवाची नोंद ठेवतात. त्यांच्याबरोबर खडकातल्या डबक्यात डोकावून बघ.

नोंदींवरून आठवलं. जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर एक कासवीण अंडी घालायला आली. तिच्या पुढच्या वल्ह्यावर धातूची एक पट्टी होती आणि पट्टीवर आकडा : ०३२३३. कुणीतरी तो आकडा नीट वाचला, लिहून घेतला, कळवला. शोध घेतल्यावर समजलं, की ही पट्टी २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर लावलेली! म्हणजे बाईसाहेब बंगालच्या उपसागरातून अख्ख्या भारताला वळसा घालून, साडेतीन हजार किलोमीटर पोहत कोकणात आल्या होत्या. ओडिशाच्या कासवांचा कोकणाशी संबंध असतो, हे त्या पाच आकड्यांनी सांगितलं. आकडा वाचणाऱ्यानं कंटाळा केला असता, तर?

आणि त्यानंतर?

दहावीनंतर विज्ञान घे, जीवशास्त्र सोडू नकोस. रत्नागिरीजवळ शिरगावला दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं मत्स्य महाविद्यालय आहे, १९८१ पासूनचं. मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. गोव्यात राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. त्या वाटेनं गेलीस, तर मांटापर्यंत पैसे भरून जावं लागेलच असं नाही. कदाचित तुलाच पगार देऊन बोलावतील! आणि अठराव्या वर्षी स्वयंसेवक म्हणूनच जावंसं वाटलं, तर तुझ्या हातात तीन वर्षांची वही असेल. 'मला मासे आवडतात' असं म्हणणारे शेकडो अर्ज येतात. 'मी एका नदीच्या एकाच काठावर दीडशे रविवार बसले' असं म्हणणारे किती असतील?

पालकहो, एक विनंती. मुलांनी असं काही मोठं बोलून दाखवलं, की आपल्याला आधी खर्च दिसतो. ते चूकही नाही. पण लगेच हसू नका. पहिल्या रविवारी तिच्याबरोबर पारगावच्या पुलापर्यंत जा. अर्ध्या तासाचाच प्रश्न आहे. वहीच्या पहिल्या पानावर पहिली नोंद तुमच्या अक्षरात असली, तर ती वही अर्धवट राहणार नाही.

बाकीच्या दोस्तांनो, तुमच्या गावाजवळ नदी, ओढा, तळं, निदान पाझर तलाव तर असेलच. त्याचं पाणी शेवटी कोणत्या समुद्राला मिळतं, ते नकाशात शोधा आणि वाटेतल्या गावांची नावं लिहून पाठवा. हरभऱ्यांच्या प्रयोगात तुमचं उत्तर किती आलं आणि खरे हरभरे किती निघाले, तेही कळवा. चुकलं असेल तर बेधडक चुकलेलंच लिहा. आकडा मनानं सुधारायचा नाही, हा या कामातला पहिला नियम!

आणि केडगावच्या माझ्या मैत्रिणी, तुझ्या वहीतल्या दहाव्या रविवारची नोंद मला पाठव. शून्य असली तरी चालेल.

तुमची,
ताई